सुई तर नवीच होती

गल्लीत तिला सगळे भिंगरी म्हणत. शिवणयंत्रावर बसली तरी जागा धरायची नाही. एका बाहीला टीप मारून होते न होते तोच ती दारात, तिथून शेजारणीकडे. अशी बाई भर दुपारी कापडाच्या ढिगावरच आडवी झाली, तेव्हा नवरा धावत आला. तिच्या तोंडची चव गेली होती आणि डोळे पिवळेजर्द झाले होते.

"साधी कावीळ आहे, उतरेल," तिचा मावसभाऊ दादा म्हणाला. तो पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आता घरीच इंजेक्शनं द्यायचा. हात असा हलका की टोचलेलं कळायचं नाही. जरा अशक्तपणा वाटला की अख्खी गल्ली त्याच्या ओसरीवर. भिंगरीनंही मध्यंतरी ताकदीची इंजेक्शनं त्याच्याकडूनच घेतली होती.

नवऱ्यानं मात्र तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. रक्त तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिपॅटायटिस सी आहे. लागण ताजी दिसते. बहुतेकांना सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि तुमच्या भागातून पिवळे डोळे घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या नाही. म्हणून काळजी वाटते."

"पाणी खराब असेल," नवरा म्हणाला.

"हा पाण्यातून होत नाही, रक्तातून होतो. ताई, इतक्यात कुठं इंजेक्शन घेतलं होतं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

घरी आली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. अंगात त्राण नाही आणि पडून राहवत नाही, अशी गत. खिडकीतून दादाची ओसरी दिसायची. एकदा तिची जाऊ दंडावर कापूस दाबत तिथून बाहेर पडली. भिंगरी भिंतीला धरत धरत तशीच दादाकडे गेली.

"दादा, तू इंजेक्शन कसं देतोस, ते मला दाखव."

"आता हे काय नवीन?" तो हसला, पण त्यानं दाखवलं. पाकीट फोडून कोरी सुई काढली, वाटीतल्या पिचकारीला बसवली आणि औषधाच्या मोठ्या बाटलीत खुपसली. "एकाची सुई दुसऱ्याला कधी लावली नाही मी."

"आणि पिचकारी?"

"ती धुतो की."

तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मनात पाल चुकचुकत राहिली. दुसऱ्या दिवशी ती त्याला हाताला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली आणि आपण खोटं बोललो होतो, हेही सांगून टाकलं. बाईंनी आवाज चढवला नाही. सुई नवी असली तरी पिचकारीत रक्ताचा अंश राहतो, तो बाटलीत उतरतो आणि पुढच्या प्रत्येकाच्या अंगात जातो, एवढंच त्यांनी समजावलं.

"त्याच बाटलीतलं मीही घेतो, थकलो की," दादा पुटपुटला.

मग गल्लीत तपासणी झाली. धडधाकट हिंडणाऱ्यांच्याही रक्तात आजार निघाला. जावेच्या निघाला, दादाच्याही. कुणी त्याच्या दारावर जाऊन नाही नाही ते बोललं. कुणी भिंगरीलाच म्हणालं, "सख्खा नसला तरी भाऊच ना तो, त्यालाच उघडं पाडलंस?" ती कामाला लागली की कात्री हातातच राहायची आणि नजर खिडकीबाहेर. काही महिन्यांनी तिचं रक्त आपोआप साफ झालं. जाऊ आणि दादा गोळ्यांनी बरे झाले. पण दादा घराबाहेर पडेना.

मागल्या गल्लीत कुणी नवीन माणूस इंजेक्शनं देतो, असं कानावर आलं तेव्हा भिंगरी सरळ दादाच्या घरात शिरली.

"चल, त्याला सांगायला पाहिजे."

"कुठल्या तोंडानं सांगू?"

"आहे त्याच तोंडानं. माझं कोण ऐकणार?"

तो खाटेखाली वाकून चपला शोधू लागला.