सुमेधच्या बोटीवर बाबांना नेलं

जानेवारीत एका रविवारी मी लातूरहून कंधारला घरी गेले होते. चहा पिता पिता बाबा म्हणाले, "माय, ती बोट कुठं असती? जाऊन येऊ एकदा."

ती बोट म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुमेधची. त्याच्या मालकीची नाही, तो तिच्यावर खलाशी होता. नांदेडला इंजिनियरिंग, पुण्यात नोकरी, आणि एक दिवस सगळं सोडून पणजीला शिडाच्या बोटीवर. एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेल्या बाबांना ते सहन झालं नाही. अकरा महिने ते त्याच्याशी बोलले नाहीत. मागच्या पावसाळ्यात त्याला डेंगी झाला. आम्ही पोचायच्या आत तो गेला.

आमच्याकडून जाणाऱ्यांसाठी सांगते: लातूरहून कोल्हापूर गाठा, तिथं मुक्काम करा आणि सकाळच्या एसटीने आंबोली घाटातून पणजीला उतरा. घाटाआधी पोटभर खाऊ नका. बाबा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता.

बोट दिवसभरासाठी मिळते, पण पावसाळ्यात बंद असते. आम्ही सकाळी आठला धक्क्यावर पोचलो. कप्तान अंतोन साठीचे, उन्हाने रापलेले. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ बाबांचा हात धरून उभे राहिले. चपला काढून आत जायचं असतं. खाली दोन बिछाने, एक बारकी शेगडी. अंतोनकाकांनी डावीकडचा बिछाना दाखवला. "सुमेध इथे झोपायचा." बाबांनी उशीवर हात ठेवला, लगेच उचलला.

नदीच्या मुखापर्यंत इंजिन चालू होतं. समुद्र लागला तसं अंतोनकाकांनी शीड चढवलं, त्यात वारा भरला, बोट एका अंगाला कलली आणि एकदम सगळं शांत झालं.

बाबा दचकले. "इंजिन बंद पडलं का?"

"बंद केलं," अंतोनकाका म्हणाले. "आता वारा नेईल."

इतक्या शांततेत एवढं मोठं काही पुढं जातंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. नुसतं पाण्याचं सळसळणं. मला ते फार आवडलं, आणि आवडलं म्हणून रडू आलं.

अंतोनकाकांनी सुकाणूचं चाक बाबांच्या हातात दिलं. बाबांनी बसच्या सवयीने ते झपकन फिरवलं. शीड फडफडायला लागलं.

"हळू. फिरवल्यावर जरा थांबायचं. ती उशिरानं ऐकते."

"त्यालाबी असंच व्हायचं का?"

"पहिला आठवडा. नंतर दोन बोटांवर चालवायचा. असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही."

बाबांनी तासभर चाक सोडलं नाही.

दुपारी एका टेकडीच्या आडोशाला नांगर टाकला. बोटीवर भात आणि सुंगटाचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी होती. आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. जेवता जेवता अंतोनकाका सहज म्हणाले, "तुम्ही यायला नाही म्हणालात, तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हता पोरगा."

बाबांचा घास हातातच राहिला. "मी? मला कुणी इचारलंच न्हाई."

सुमेधने मे महिन्यात मला फोन केला होता. "ताई, बोट बंद व्हायच्या आत बाबांना घेऊन ये. तू विचार, माझं ऐकणार नाहीत." मी विचारलंच नाही. घरात पुन्हा वाद नको, उत्तर माहीतच आहे, असं धरून चालले. त्याला परस्पर सांगून टाकलं, "नाही म्हणाले."

हे मी तिथं, हलत्या बोटीत, दोघांसमोर सांगितलं. अंतोनकाका उठून पुढं गेले. बाबा पाण्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसून रडत होते.

मग माझं ताट माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, "इचारलं असतंस तरी मी न्हाईच म्हणलो असतो. जेव."

परतताना समोरून वारा होता. तिरकं तिरकं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जात बोट धक्क्याला लागली, तेव्हा ऊन कललं होतं. अंतोनकाकांनी पैसे घेतले नाहीत. "त्याचा बाप आला," एवढंच म्हणाले.

लोक विचारतात, कशी झाली ट्रिप? जा, नक्की जा. ज्याला न्यायचं असेल त्याला स्वतः विचारा, आजच.

मी लातूरला परतले, पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले. बाबांचं ते एक वाक्य धरून दिवस काढले. महिन्याभराने कंधारला गेले. बाबा अंगणात तूर पाखडत होते. मला राहवलं नाही.

"बाबा, खरंच नाही म्हणला असता?"

सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"आलो असतो, माय," ते म्हणाले. "वाटच बघून राहिलो होतो."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि तुरीतले खडे वेचू लागले.