घडाखाली दिलेला खांदा
एसटीत कंडक्टर होतो तेव्हा भांडखोर प्रवाशांना खाली उतरवणं हा माझा हातखंडा. निवृत्तीनंतर गावातल्या स्वयंसेवकांच्या गटात शिरलो, तर काम नेमकं उलटं निघालं. डोकं बिथरलेल्या माणसाकडे पोलिसांच्या आधी पोचायचं आणि त्याला समजावून दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी जळगावला तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. तेवढ्यावर मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

त्या दुपारी केळीचे घड कापणारा आमच्याच गावचा मजूर विळा घेऊन बागेत शिरला होता. चार दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपल्याला मारायला लोक येताहेत, असं त्याला वाटत होतं. बांधावर त्याची माय माझा हात सोडेना.

"भाऊ, पोलीस आले तं त्याले बांधतीन. मांघे बांधून नेलं, तं सहा महिने बोलला नाही तो."

पण कोणीतरी फोन करून बसलं होतं. जीप निघाली होती.

मी एकटाच आत गेलो. "विळा खाली ठेव," म्हणालो. नेमकं हेच म्हणायचं नसतं. तो दोन पावलं पुढे आला. मला शिबिरातलं एक अक्षर आठवेना.

त्याच्या शेजारी कापणीला आलेला घड लोंबत होता. घड उतरवायला दोघं लागतात. एक कापतो, दुसरा खांदा देतो. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्याच्याकडे पाठ करून घडाखाली उभा राहिलो.

"काप रे भो."

मागे वाळली पानं वाजली. मग विळा कानाजवळून गेला आणि घड खांद्यावर बसला.

"चाल," तो मागून म्हणाला. मी चाललो. मागे तो, हातात विळा.

बांधालगतच्या रस्त्यावर पोलिसांची जीप उभी होती. "तो वेडा कुठंय?" हवालदारानं विचारलं.

"पळाला, साहेब. आम्ही मजूर," मी ठोकून दिलं.

"मीच हाये तो," मागून आवाज आला. "झोप येत नाही मले, साहेब. दवाखान्यात न्या." त्यानं विळा मायच्या हातात दिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवालदाराच्या हातात दोरी होती. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, ती जीपमध्ये टाकली आणि दार उघडलं, पुढचं.

"बस इथं. माझ्याजवळ."

खांद्यावर घड तसाच होता. मला भर रस्त्यात रडू फुटलं.