पाळण्याच्या खांबावरचा आकडा

दस्तगीर जत्रेतला मोठा पाळणा उभारतो. आमचा तमाशाचा फड चालू होता, तेव्हा तंबूचे खांबही तोच उभे करायचा. फड मोडला, माझा राजाचा फेटा ट्रंकेत गेला, पण दस्तगीर जत्रा सोडत नाही. आम्हा जुन्या कलावंतांना तो अजून हाताला धरून पाळण्यात बसवतो. म्हणतो, "आप्पा, सिंव्हासन तयार हाय."

यंदा जतकडच्या जत्रेत गेलो, तर तो दोन यंत्रं पुढ्यात घेऊन बसलेला. सांगलीच्या दुकानदाराने दोन्ही जत्रेपुरती दिली होती. एक ठेवायचं, एक परत. पहिली डिजिटल पाणसळ, हातभर पट्टी. पाळण्याच्या पायाच्या तुळईवर ठेवली की तिथला उतार आकड्यात दाखवते. दुसरा इन्क्लिनोमीटर, मुठीएवढी डबी. ती खांबालाच आवळायची. खांब किती कलतोय हे पाळणा फिरत असतानाही खालच्या पडद्यावर दिसत राहतं.

पाळण्याचा मालक भाऊसो पट्टीच्या बाजूचा. "ही शून्य म्हणती म्हंजी शून्य. ह्या डबीचा आकडा बघ, पाळणा फिरला की थयथय नाचतोय. ह्येच्यावर कोण इस्वास ठेवंल रं?"

"नाचू द्या की मालक. एका जागी नाचतोय तवर भ्या न्हाई," दस्तगीर म्हणाला. पण बोलण्यात जोर नव्हता. हातात धरता येणारी पट्टी त्यालाही आवडली होती.

सकाळी पट्टीने शून्य दाखवलं. दुपारी पालखी निघायची होती. टँकरच्या पाण्यावर जगणारं ते गाव, पण पालखीच्या वाटेवर अख्खा टँकर रिकामा करून सडा घालतं. टँकर पाळण्याला खेटून उभा राहिला आणि चालक नळ तसाच सोडून ढोल बघायला गेला. पाणी खांबाखालच्या काळ्या मातीत मुरत राहिलं. कुणी हटकलं नाही. देवाचं पाणी ते.

मी आणि रंगुबाई, म्हणजे वगातली माझी राणी, पाळण्यात बसून पार वर पोचलो आणि चाक थांबलं. खाली दस्तगीर पडद्यासमोर वाकला होता. मग तो पट्टी घेऊन तुळईकडे धावला, आणि उठला तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा मला एवढ्या उंचीवरूनही दिसला.

"राजं, खांब वाकडा दिसतोय का वं?" रंगुबाईने विचारलं.

"तुजी नजर वाकडी," मी म्हणालो. खांब वाकडाच दिसत होता.

खाली भाऊसो ओरडला, "खालची समदी उतरीव आदी!"

"एकाच अंगाची उतरली तर चाक गरकन फिरंल!" दस्तगीर किंचाळला. "एक हितला, एक समोरचा!" मग वर बघून हात जोडले. "आप्पा, आवाज द्या! कुणी हलू नगासा म्हणावं!"

मी दरबारातला आवाज काढला, "जागचं हलू नका!" शेवटी तो फाटलाच. पण माणसं गप बसली.

एक पाळणा रिकामा व्हायचा, मग चाक तसूतसूने फिरून समोरचा खाली यायचा. प्रत्येक वेळी खांब करकरायचा आणि रंगुबाईची नखं माझ्या मनगटात रुतायची. आम्ही शेवटच्या जोडीत होतो. रिकामे पाळणे वाऱ्यावर हलत होते, त्यांच्याकडेही बघवेना.

जमिनीवर पाय टेकले तेव्हा दस्तगीरने मला धरलं, की मी त्याला, सांगता यायचं नाही.

"आकडा सकाळधरनं एका जागी नाचत हुता," तो म्हणाला. "मग फुडं सरकून नाचाय लागला. मागं येईचना."

भाऊसो चिखलात फतकल मारून बसला होता. पट्टी त्यानेच पुसून डब्यात घातली. "ही परत दिऊन ये, दस्तगीर."

"व्हय. उभारताना माजी जुनी पाणसळ हायच. मानसं वर असताना बगणारं पायजे."

पुढच्या जत्रेत रंगुबाई पाळण्याजवळही फिरकली नाही. मी बसलो. भीती वाटत होतीच. वरून गाव बघितलं नाही, माळ बघितला नाही. फक्त दस्तगीरची मान बघत राहिलो. ती पडद्याकडे वळलेली होती, आणि मी खाली उतरेपर्यंत हलली नाही.