आत्याच्या बाजूची बाज

आत्या गेल्यावर घरमालक तिच्या धंतोलीतल्या भाड्याच्या खोल्या परत मागू लागला. पण कायद्याने शेवटपर्यंत तिच्यासोबत राहिलेल्या नातेवाइकालाच त्या मिळणार होत्या. तिच्या रेशनकार्डावर माझं नाव होतं, पण मी वाढले कॉन्व्हेंटच्या होस्टेलात. आत्याजवळ राहायची ती, आत्याच्या दिराची मुलगी. बोलताना पदराच्या गाठीतली किल्ली चाचपायची आणि सारखं ‘आमच्या घरी’ म्हणायची. मला ते टोचायचं.

रेंट कंट्रोलरसमोर शेजारच्या आजींनी तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, “उन्हाळ्यात अंगणात म्हातारीच्या बाजूले हिचीच बाज राहे, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड पुढे केलं.

तीच घाईने म्हणाली, “ही पण काकूची लाडकीच होती जी. सुट्टीत आली का काकू माही बाज सरकवे अन् हिची लावे.”

आत्याने तसं एकदाही केलं नव्हतं. मी मात्र होकारार्थी मान हलवली.