गाऱ्हाणं जेवणानंतर

विंझरला माझं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीवर टीव्ही आहे. त्यावर बातम्या लागत नाहीत. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगतो, बघायच्या असतील तर आपापल्या घरी बघा. निवडणुकीच्या दिवसांत लोक बातम्यांसाठी थांबायचे, बसल्या बसल्या बिस्किटाचे चार पुडे जास्त खपायचे. गेला तो धंदा तरी चालेल, पण त्या माणसाचं तोंड माझ्या दुकानात नको. मला त्याची किळस येते, आणि ती का येते ते एकदाचं सांगून टाकतो.

माझी धाकटी बहीण हिर्डोशीकडच्या एका वाडीत दिली आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, भोरला कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हुशार आणि तोंडाची फटकळ, थेट मामावर गेलेली. पावसाळ्यात वाडीच्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, खचली आणि संध्याकाळची एसटी खालच्या फाट्यावरूनच मागं फिरायला लागली. तिथून पुढं झाडीतला चढ चालत जायचा. दिवस लहान झाले तसा पोरीला वाटेतच अंधार पडू लागला, त्यात बिबट्या दिसल्याच्या गोष्टी. दाजी दिवसभर भातात राबून बॅटरी घेऊन फाट्यावर जायचे. भोरला खोली घेऊन पोरीला एकटी ठेवायला ते तयार नव्हते, आणि माझं गाव पडलं वेल्ह्याच्या बाजूला, तिथून भोर आणखीच आडवळणाचं. शेवटी ते कंटाळून म्हणाले की दिवाळीपर्यंत मोरी झाली तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद.

अशात निरोप आला की मोठ्या चॅनेलचा निवेदक वाडीत कार्यक्रम करायला येतोय. रोज रात्री घसा फाडून ओरडणारा, तोच. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं ते जुळवलं होतं. वाडीला वाटलं, देव पावला. मोरी एकदा टीव्हीवर दिसली की खडीचे ट्रक आलेच समजा. बहिणीनं मलाही बोलावून घेतलं, कारण चार लोकांत बोलायची मला सवय.

निवेदक उतरला तो पुढाऱ्याच्याच गाडीतून. त्याच्या माणसानं दोन रंगांची उपरणी काढली आणि सगळ्यांच्या गळ्यात घालत सुटला. आमच्याकडं गळ्यात उपरणं पडलं म्हणजे सत्कार. पाहुणाच आपला मान करतोय म्हणून म्हातारे सावरून बसले. मग एका रंगाची माणसं देवळाच्या पायरीकडं आणि दुसऱ्या रंगाची पाराकडं बसवली. दाजी पायरीकडं, त्यांचा सख्खा भाऊ पाराकडं. पायरीकडचे सरकारचे समर्थक आणि पाराकडचे विरोधक, हे त्या बिचाऱ्यांना पुढं टीव्हीवर कळलं.

आता इथली एक रीत आहे. दारी आलेल्याला आधी जेवू घालायचं, गाऱ्हाणं मागून. उपाशी पाहुण्यापुढं रडगाणं गाणं म्हणजे घराला बट्टा. सोयरीक असो नाहीतर बांधाचा वाद, पंगत उठल्यावरच विषय निघतो. मी मोरीचं काढणार एवढ्यात वाडीतल्या थोरल्या आजोबांनी माझा हात दाबला.

"आदी जेवू द्या त्यास्नी. मोरीचं मागनं काडू. पळून का चाललेत?"

बहिणीच्या सासरी मी पाहुणा. आजोबांचं ऐकलं.

कॅमेरा सुरू झाला. पायरीकडच्यांना विचारलं, खूश आहात ना? पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळ्यांनी व्हय म्हटलं. पाराकडच्यांना विचारलं, तुमचा राग कशावर आहे? ते हसले आणि राग कशाचा, जेवूनच जायचं बरं का, म्हणाले. मग त्यानं भाचीपुढं माईक धरला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, कसं वाटतं? तिला रीतीभातीची पर्वा नव्हती.

"बरं वाटतं, पण गाडीच आमच्या..."

माईक गेलासुद्धा. शाब्बास म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारून तो पुढं सरकला, आणि ती तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली.

पंगतीला मी त्याच्या शेजारी होतो. मी काही विचारलं नव्हतं, पण त्यानंच सुरू केलं. म्हणे आमच्याकडं आचारसंहिता फार कडक आहे. निवेदकानं बाजू घ्यायची नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यायचा. हे सांगताना तो रश्श्यात तिसरी भाकरी कुस्करत होता आणि मागं गाडीच्या डिकीत वाडीच्या इंद्रायणी तांदळाचं पोतं चढत होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पाहिलेत, पण मोजता मोजता नीतीवर प्रवचन देणारा हा पहिलाच.

पंगत उठली. आजोबा हात जोडून त्याच्यापुढं बसले आणि मोरीचं सगळं सांगितलं. एसटी कुठून फिरते, पोरीबाळी कशा येतात, बाळंतीण कशी न्यावी लागली, सगळं, काही न सोडता. त्यानं तोंड पुसत ऐकून घेतलं.

"अहो बाबा, हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "कॅमेरा पेटीत गेला आता."

आणि गाडीत बसून गेला.

कार्यक्रम लागला तेव्हा भाची पडद्यावर बरं वाटतं एवढंच म्हणाली आणि खाली पट्टी फिरली, डोंगरातली लेक समाधानी. तक्रारीसाठी म्हणून जो नंबर पडद्यावर दाखवतात, त्यावर मी फोन केला. एका बाईंनी गोड आवाजात सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. कार्यक्रम तपासला, दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिलेला आहे, कुठलाही नियम मोडलेला नाही. एका आईच्या दोन पोरांच्या गळ्यात दोन फडकी अडकवली की झाल्या यांच्या दोन बाजू! मी फोनवर नको ते बोललो आणि मला त्याचा अजिबात पस्तावा नाही.

थोड्याच दिवसांत भोरला त्या पुढाऱ्याची सभा झाली. सूत्रसंचालन कोण करतंय? हाच. कुणीतरी पत्रकारानं हटकलं तर म्हणाला, सध्या मी रजेवर आहे, इथं एक नागरिक म्हणून आलोय. रजा टाकली की नीतीलाही सुट्टी. असल्या नियमांपेक्षा नियम नसलेले बरे, निदान माणूस सावध तरी राहील.

दिवाळीच्या तोंडावर दाजी आणि वाडीतले चार जण मोरीसाठी पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. त्यानं मोबाईल काढून त्यांना भाचीचं तेवढं बोलणं दाखवलं, दोनदा. तुमचीच पोरगी म्हणते बरं वाटतं, मग माझ्याकडं कशाला आलात? दाजी आल्या पावली परतले. तो राग त्यांनी घरी आणला आणि पोरीवर काढला. ती सांगत होती की मी पुढं बोलणार होते, पण ते तिनं सांगून काय उपयोग, पडद्यावर तर कुठं नव्हतं. दिवाळीनंतर ती कॉलेजात गेली नाही.

पुढं आंबवड्याजवळची माणसं तिला बघायला आली. मामा म्हणून मी होतोच. मुलगा साधा, घरचं भात आणि दूधदुभतं, नाव ठेवायला जागा नाही. भाची पोहे देऊन खाली मान घालून बसली. मुलाच्या आईनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अवो, ही टीव्हीवर आलती की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्या तवाच म्हनलं हुतं, आपल्याला अशी पायजे. कशाबद्दल तक्रार न्हाई पोरीची."

सुपारी त्याच बैठकीत फुटली.