बारकी थांबली तेव्हा

बोट क्लबच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे शिडं शिवणारी बाई बसायची. बसायची म्हणजे रांगायचीच, कारण एवढं मोठं कापड पसरायला जमीनच लागते. जाड कापडातून सुई रेटून रेटून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा उगवायचा. घरात ती आणि लेक. लेक अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत.

बारकी त्या शिडांवर लोळतच मोठी झाली. नवव्या वर्षी क्लबच्या एका जुनाट होडीत बसली आणि बाराव्या वर्षी नव्याकोऱ्या होड्यांना मागे टाकू लागली. धक्क्यावर दुर्बिणी घेऊन उभ्या असलेल्या आईबापांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी होत.

"हिला वारा कानात येऊन सांगतो," आई म्हणायची आणि मान ताठ करायची.

त्या वर्षीच्या स्पर्धेतून मुलामुलींचा संघ निवडायचा होता. शेवटच्या शर्यतीत बारकी दुसरी होती. त्याच जागेवर राहिली असती तरी निवड पक्की होती. तेवढ्यात वारा उसळला आणि तिच्यापुढची होडी उलटली. ती क्लबच्या सचिवांच्या मुलाची होती. त्याच्या मानेभोवती दोर अडकला होता, तोंड पाण्याखाली जात होतं. बारकीने होडी वळवली, त्याला धरलं, दोर सोडवला. मदतीची बोट पोचली तेव्हा तो उलटलेल्या होडीला धरून ठीकठाक तरंगत होता. तोवर सतरा होड्या पुढे निघून गेल्या होत्या.

कुणाचा जीव वाचवायला थांबलं तर गेलेली जागा परत द्यायची, असा नियम होता. फक्त जीव धोक्यात होता हे पंचांना पटायला हवं. सचिवांचा मुलगा होडी उलटूनही आधीच्या शर्यतींच्या गुणांवर संघात शेवटच्या जागी बसत होता; बारकीला जागा परत मिळाली असती, तर तोच बाहेर पडला असता.

चौकशीआधी नळावर तो मुलगा तोंड धूत होता. त्याच्या मानेवर दोराचा लालभडक वळ होता. बारकीच्या आईने तो पाहिला. मुलगा चौकशीला आत आला तेव्हा त्याच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली होती.

"माझा मुलगा उत्तम पोहतो," सचिव म्हणाले. "ही पोरगी उगाच घाबरली."

पंचांनी मुलाला विचारलं, "अडकला होतास का रे?"

मुलाने बापाकडे पाहिलं. "नाही."

"आणखी कुणाला काही सांगायचंय?"

आईच्या ओठांवर शब्द आले होते. पण मागची खोली क्लबची होती, काम क्लबचं होतं, आणि ते दोन्ही देणारे सचिव समोर बसले होते. तिने नजर फरशीवर टेकवली.

घरी आल्यावर तिचा सगळा राग भलतीकडेच निघाला. "थांबलीस कशाला? मोठी आलीय जगाला वाचवणारी!"

बारकी ओले कपडे पिळत राहिली.

पुढच्या वर्षी ती पहिली आली. त्या शर्यतीत तिच्या डाव्या हाताला एक होडी उलटली होती, पोरगी ओरडत होती. बारकीने मानही वळवली नाही. त्या पोरीला मागच्यांनी काढलं. धक्क्यावर टाळ्या वाजल्या. आईने वाजवल्या नाहीत.

संघाबरोबर दूरच्या शहरात राहायला जायच्या दिवशी बारकी बॅग भरत होती. आईला राहवेना.

"तुला एक सांगायचंय. मी त्या मुलाच्या मानेवरचा वळ पाहिला होता."

"माहितेय. मी तिथेच होते, नळाच्या मागे."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी ओरडून सांगितलं असतं तर पोरगी खोटं बोलते म्हणाले असते. मला वाटलं, तू बोलशील."

तिने बॅगेची चेन लावली आणि निघाली. आता फोन येतो रविवारी. तब्येत कशी, जेवलीस का, तिकडे वारा कसाय. पाच मिनिटांत संपतो.

परवा सचिव स्वतः खोलीत आले. मुलाचं शिड फाटलं होतं.

"शनिवारपर्यंत होईल ना, ताई? तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

"होईल," ती म्हणाली. शुक्रवारीच तयार होतं, आणि टाके नेहमीसारखेच सरळ होते.