वाघ, मासा, पोपट

खटका दादांचा उजवा पाय स्वस्थ असलेला मी कधी पाहिला नव्हता. विहाराच्या ओट्यावर चहा पिताना, रेडिओ उघडून बसलेले असताना, फार काय, कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा तो जमिनीवर टपटप चालूच. माझी सासू म्हणायची, "ह्या मानसाच्या पायाले भिंगरी हाय." नार्नूरच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे मी तिथल्या मराठी शाळेत बाई म्हणून लागले तेव्हा होतं. त्याआधी ते उटनूरला होतं, मधे दोन वर्षं हायवेवर नेरडीगोंड्याला जाऊन आलं. दुकान सारखं काऊन हलवता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बसलं का गंज चढते, बाई."

आमची गाण्याची पार्टी होती. मी गायची, माझे यजमान ढोलकीवर, दीर पेटीवर आणि खटका दादा गिटारवर. ढोलकी-पेटीच्या संगतीला गिटार म्हणजे लोकांना अप्रूपच, पण त्याहून अप्रूप त्यांच्या पायाखालच्या तीन खटक्यांचं. नावही त्यावरूनच पडलेलं. जुन्या रेडिओंचे भाग काढून, काही सामान हैदराबादहून मागवून हे खटके त्यांनी स्वतः बनवले होते. एक दाबला की गिटार फाटक्या आवाजात गुरगुरायची, दुसऱ्याने स्वर पाण्यासारखा हलायचा आणि तिसऱ्याने वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकू यायचं. तिन्ही बसवायला निर्मलच्या एका खेळणीवाल्या अण्णाने हलक्या लाकडाची फळी करून दिली. अण्णाला दादांनी आवाज ऐकवले, तर त्याने काही न विचारता फळीवर वाघ, मासा आणि पोपट रंगवून टाकले. तेव्हापासून तीच त्यांची नावं.

तिघांचे नखरे फार. वाघ अंधारून आलं की घुंघुं करायचा, माशाची बॅटरी ऐन गाण्यात उतरायची. कार्यक्रमाआधी दादा फळीपुढे उकिडवे बसून एकेकाला चापट मारत. "पोपट आज बिमार हाय, बाई. त्याचं गानं शेवटी घ्या."

पण शेवटी म्हणजे कधी, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नसायचं. मी यादी करून गायलेच नाही. गावोगावच्या जयंतीला आणि लग्नांत चिठ्ठ्या यायच्या. अमक्याच्या घरी मुलगा झाला, तमक्याची पोरगी पास झाली, अमुक गाणं म्हणा. चिठ्ठीवरची नावं मोठ्याने वाचायची आणि ते गाणं उचलायचं, मग आधीचं अर्ध्यात का राहीना! यजमान वैतागत. दादा नाही. "तुमी सास घेतली का माहा पाय उचलते," म्हणत. खरंच होतं ते. मी कुठल्या गाण्याकडे वळणार हे नुसत्या श्वासावरून माझ्याआधी त्यांच्या पायाला कळायचं.

पंच्याण्णवच्या आसपास नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राने दादांना बोलावलं आणि सरावाला म्हणून एक काळा डबा दिला. एकाच डब्यात साठ आवाज आणि वर लाल आकडा. पाय दाबत आकडा पुढे नेला की आवाज बदलायचा. महिनाभरात डबा पायाखाली बसला तर नोकरी पक्की. दादा येरझाऱ्या घालत होते. एक दिवस म्हणत, "ह्या तिघायले रोज समजवा लागते. डब्याले एकदा सांगितलं का इसरत नाई. नागपूरले वाजो का नार्नूरले, आवाज तोच." दुसऱ्या दिवशी फळी मांडीवर घेऊन, "पन डब्याशी भांडता येत नाई, बाई. वाघाची खुंटी मी वाजवता वाजवता अंगठ्यानं फिरवतो. ह्याच्यात आतमंदी शिरा लागते." आणि माझ्याकडे पाहत. जावं की राहावं ते मी सांगावं अशी त्यांची इच्छा असावी. मी सांगितलं नाही. ते गेले तर पार्टी मोडणार होती, आणि जाऊ नका म्हणायला मला लाज वाटत होती. आतून मात्र चांगलीच धुमसत होते.

नेरडीगोंड्याच्या जयंतीला त्यांनी पहिल्यांदा डबा आणला, फळी घरी ठेवून. त्यांचे फाटके, हलते आणि घुमते आवाज डब्यात दूरदूरच्या आकड्यांवर होते, एकावरून दुसऱ्यावर जायला मधले सगळे आकडे दाबत जावं लागे. चिठ्ठीवरची नावं वाचायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते जमलं असतं. हे मला माहीत होतं. म्हणूनच त्या संध्याकाळी मी चिठ्ठ्या पदराला बांधल्या आणि नावं न वाचता एकातून दुसऱ्या गाण्यात उड्या मारत गेले. तीनदा! तिन्ही वेळा दादांचा पाय डब्यावर धडपडला आणि गाणं पुढे निघून गेलं. लोक हसले. चौथ्या गाण्याला त्यांनी डब्यातून वायर उपटली, सरळ स्पीकरला लावली आणि कोरी गिटार शेवटपर्यंत वाजवली, खाली मान घालून.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी माझ्यासमोर उभी. "माह्या नातवाचं नाव काऊन नाई घेतलं, माय?" मी पदराची गाठ सोडू लागले. दादा मागे वायर गुंडाळत होते. म्हातारी गेल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, आज तुमी सासच घेतली नाई."

आठवड्याने ते फळी घेऊन घरी आले. "तुमच्या गान्याले डबा पुरत नाई अन् नागपूरले हे तिघं चालत नाई. ठेवा तुमच्यापाशी." मी थांबा म्हटलं असतं तर थांबले असते, असं मला आजही वाटतं. मी चहा ठेवते म्हटलं. चहा न घेताच ते गेले आणि वर्षभरात आमची पार्टीही मोडली.

चार वर्षांनी मुलीच्या प्रवेशासाठी नागपूरला गेले, तेव्हा रविवारी दुपारी त्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. दादा कोट घालून खुर्चीवर बसले होते. एकही आवाज चुकत नव्हता. पुढे छापील यादी, तिच्याप्रमाणे आकडे आधीच ओळीने लावलेले, गाणं बदललं की पायाचा एक हलका दाब आणि काम झालं. मधल्या सगळ्या वेळात त्यांचा उजवा पाय चकचकीत बुटात निपचित होता. मला ते बघवेना.

मी चिठ्ठी पाठवली. निवेदकाने ती वाचली, "नार्नूरच्या बाई, दादांसाठी, फर्माईश," आणि हसून म्हणाला की कार्यक्रम ठरलेला आहे, फर्माईश घेता येणार नाही. दादांनी झटकन मान वर केली. माणसांत मला शोधू लागले. मी उठून उभी राहिले. माफी मागायची होती, पण एवढ्या लांबून काय मागणार? गाण्याआधी घ्यायचे तसा मोठा श्वास तेवढा घेतला.

त्यांचा पाय उचलला गेला. आणि डब्याच्या डावीकडे, स्टेजच्या नुसत्या फळ्यांवर, जिथे वाघ असायचा तिथे टेकला.